एका माशाला शंभर लिटर

थांबा, हे आत्ताच सांगायला हवं. उद्या नारळी पौर्णिमा, म्हणजे घरात नारळीभात, पाहुणे, बोटीची पूजा, मग माझ्या हातात फोन टिकणार नाही. आणि परवा सांगितलं तर त्यात काही मजा नाही. माझे हात अजून ओले आहेत, टायपिंगमध्ये चुका दिसल्या तर सोडून द्या प्लीज.

तर आज सकाळी आमच्या पडवीत बर्फाच्या पेटीभोवती आम्ही चौघं उभे होतो. मी, आई, पप्पा आणि माझी बेस्ट फ्रेंड. आणि एका गोल्डफिशचं काय करायचं ते ठरत होतं. एका! आणि तेसुद्धा रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात, जिथे सकाळी जेटीवर माशाचे ढीग पडतात आणि त्यातला एखादा मासा खाली घरंगळला तर कोणी वाकूनसुद्धा बघत नाही.

माझे पप्पा तांडेल आहेत. म्हणजे बोट चालवतात, जाळं कधी टाकायचं कधी ओढायचं ते ठरवतात. आई मासळी बाजारात बसते. आमच्या घरात मासा आला तो कायम मेलेलाच आला. जिवंत मासा घरात आणून त्यालाच खायला घालायचं, असं काही असतं हे आमच्याकडे कोणाच्या डोक्यातच नव्हतं.

झालं असं की मे महिन्यात माझ्या मैत्रिणीच्या बाबांना लोट्याला एका केमिकल कंपनीत नोकरी लागली. शिफ्टची नोकरी, रोज रत्नागिरीहून जाणं शक्यच नाही, म्हणून त्यांनी सगळं घरच तिकडे हलवलं. तिच्याकडे एक गोल्डफिश होता, काचेच्या गोल बाउलमध्ये. वाढदिवसाला कोणीतरी दिलेला. केशरी, शेपटी दुहेरी, आणि चेहरा असा की हा आत्ता काहीतरी विचारणार. टेम्पोत सामान भरत होते तेव्हा ती बाउल पोटाशी धरून आमच्या दारात आली.

"टेम्पोत सगळं पाणी सांडेल गं. तीन तासांचा रस्ता आणि किती खड्डे. तू ठेव. मी नारळी पौर्णिमेला आत्याकडे येणार आहे, तेव्हा नेईन."

मी म्हटलं, "दे की."

"जिवंत दे हां."

"अगं जिवंतच देणार. शपथ."

घेतली शपथ! मासे पकडणाऱ्याच्या आणि मासे विकणारीच्या मुलीने!

आई बाजारातून आली तेव्हा मी बाउल फ्रिजवर ठेवलेला. तिने पाटी खाली ठेवली, पदराने घाम पुसला आणि वर बघितलं.

"ह्ये काय आणलंस गो?"

"गोल्डफिश. मैत्रिणीचा आहे. सांभाळायला दिलाय."

"सांभाळायला? मासा?" ती जवळ गेली. तिची नजर म्हणजे कशी, मासा बघितला की वजन सांगणार, आणि त्याचं तिखलं, म्हणजे तिखट कालवण, किती जणांना पुरेल तेपण. "एवढुशाचं तिखलं पण व्हायचं नाय. काटेच जास्त."

"आई!"

"बघत्येय फक्त. खात नाय तुझ्या माशाला."

पहिले आठ-दहा दिवस मस्त गेले. मी सकाळ-संध्याकाळ चिमूटभर खाणं टाकायची, व्हिडिओ काढायची, मैत्रिणीला पाठवायची. ती तिकडून बदाम पाठवायची, लाल-लाल. पण मग मी बघितलं की मासा सारखा वर येतो. म्हणजे पोहतच नाही, नुसता वर तोंड काढून हवा खातो, गप गप गप. आणि पाणी पण गढूळ, कालच बदललेलं असूनसुद्धा. मला वाटलं भूक लागली असेल. म्हणून मी आणखी खाणं टाकलं. (हो, माहीत आहे. आता माहीत आहे. ओरडू नका.)

आणि मग ते झालं, जे फक्त आमच्याच घरात होऊ शकतं.

मी कॉम्प्युटरच्या क्लासला गेलेले. दुपार, मे महिना, पत्र्याखाली भाजून निघत होतं. पप्पा अजून समुद्रावर. आई घरी एकटी होती आणि तिने बघितलं की मासा धापा टाकतोय. आता आईने पंचवीस वर्षं काय केलंय? मासा गरम झाला, नरम पडायला लागला, की बर्फ. विचारच करायचा नाही. तिने फ्रीझरमधून बर्फाचा ट्रे काढला आणि सगळाच्या सगळा बाउलमध्ये ओतला.

मी आले तर बाउलवर बर्फ तरंगतोय आणि मासा तळाशी आडवा.

"आई, हे काय केलंस?"

"अगो गरम झालं होतं त्याला. ताजा राहू दे म्हटलं."

"ताजा? तो जिवंत आहे आई!"

"मग? जिवंताला गरम होत नाय?"

मी रडायला लागले. म्हणजे अगदी भोकाड. आई आधी चिडली, मग घाबरली, कारण तिलापण दिसलं की त्याचे कल्ले हलतायत पण अगदी हळू. तिने कपडे धुवायचा मोठा टप ओढला, कालपासून पिंपात भरून ठेवलेलं पाणी त्यात ओतलं, बादल्यांवर बादल्या. मग बाउल टपात तिरपा धरला, बर्फ हाताने वेचून बाहेर फेकला आणि टपातलं पाणी ओंजळी-ओंजळीने बाउलमध्ये घालत राहिली. हळूहळू, जशी तापाच्या पोराला पेज भरवते तशी. शेवटी मासा आपसूक टपात सरकला.

आम्ही दोघी उकिडव्या बसून बघतोय. पाच मिनिटं तो तसाच. मग शेपटी हलली. मग उभा झाला. आणि मग, मी खोटं नाही सांगत, तो एकदम सरळ रेषेत पोहला! टपाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत! मी त्याला कधी सरळ पोहताना बघितलंच नव्हतं. बाउलमध्ये नेहमी गोल-गोल.

आई म्हणाली, "ह्याला जागा नव्हती की काय?"

आणि वर येऊन हवा खाणं पण थांबलं, त्याच संध्याकाळी. मग मला कळलं की उन्हाचा दोष कमी आणि बाउलचाच जास्त होता.

आता माझ्यापुढे प्रश्न, की याला नेमकी केवढी टाकी लागते? मी त्या दोन दिवसांत इतके व्हिडिओ बघितले की माझा डेटा संपला, मग आईचा संपवला. एक माणूस म्हणतो चाळीस लिटर, दुसरा म्हणतो ऐंशी, तिसरी बाई म्हणते शंभरच्या खाली गोल्डफिश ठेवणं म्हणजे पाप. चौथा फुलदाणीत ठेवून वर झाड लावतोय! आणि सगळे एवढ्या खात्रीने बोलतात ना, की जो शेवटचा बघू तोच खरा वाटतो. इकडे मासा टपात, आणि आमचे कपडे तीन दिवस धुवायचे बाकी. आई रोज विचारायची, "त्याची आंघोळ झाली काय गो?"

मग एक जूनला बंदी लागली. पावसाळ्याचे दोन महिने मासेमारी बंद असते, बोट वर ओढायची, जाळी दुरुस्त करायची. म्हणजे पप्पा घरी. पप्पांनी टपात डोकावून बघितलं.

"जात कुठली ही?"

"गोल्डफिश, पप्पा."

"समुद्रातला नाय."

"नाही, गोड्या पाण्यातला."

"हं." म्हणजे त्यांच्या हिशोबी तो मासाच नाही. पण मी सगळं सांगितलं, शपथ, बाउल, बर्फ (आईने मध्येच "झालं, सांग आता अख्ख्या मिरकरवाड्याला" असं म्हटलं), आणि टाकी किती मोठी ते कळत नाही हे पण. ते म्हणाले, चल, दुकानात विचारू.

शहरात एक फिश टँकचं दुकान आहे. दुकानातला दादा चांगला होता, हसतमुख. त्याने पप्पांना विचारलं, "काका, केवढा हवाय?"

पप्पा म्हणाले, "पन्नास किलोचा."

दादाचा चेहरा! "पन्नास किलो मासे ठेवणार तुम्ही?"

"एकच ठेवायचाय. अंगठ्याएवढा."

मी मध्ये पडले. सांगितलं की पप्पांच्या धंद्यात पेटी किलोवर मोजतात, कुठल्या पेटीत किती किलो बांगडा बसतो त्यावर. दादा खूप हसला. मग त्याने एक छोटीशी चौकोनी टाकी काढली, आत निळा लाईट, एक प्लॅस्टिकचा खजिन्याचा डबा झाकण उघड-बंद करणारा. क्यूट होती एकदम. म्हणाला, "एका माशाला ही पुष्कळ झाली काका. काळजी करू नका, मासा टाकीच्या मापानेच वाढतो. छोटी टाकी, छोटा मासा."

मला ते इतकं बरं वाटलं ऐकून! सुटलो! मी त्या खजिन्याच्या डब्याकडे बघतच होते. पण पप्पांनी टाकी उचलली, आत बोट घालून खोली बघितली, परत ठेवली. त्यांनी फक्त हवेचा पंप आणि नळी घेतली आणि बाहेर पडले.

मी गाडीवर मागे बसून तणतणत होते. "पप्पा, तो रोज विकतो, त्याला माहीत असेल ना?"

तर पप्पांनी मांडवीजवळ गाडी थांबवली आणि मला एक गोष्ट सांगितली जी त्यांनी आधी कधीच सांगितली नव्हती. ते लग्नाच्या आधी दाभोळला मामांकडे होते. तिथे एक व्यापारी जिवंत शेवंड घ्यायचा. शेवंड म्हणजे लॉब्स्टर, ती मोठी, लांब मिश्यांची, महाग. ती जिवंत पोचली तरच मुंबईला भाव, म्हणून सिमेंटच्या टाक्यांत समुद्राचं पाणी भरून त्यात ठेवायची. पप्पांचं काम पाणी बदलायचं. एक दिवस माल जास्त आला. व्यापारी म्हणाला, एवढी जागा मोकळी दिसतेय, टाका सगळी ह्याच टाकीत.

"मावली," पप्पा म्हणाले. "आरामात मावली. एकावर एक पण नव्हती. आणि सकाळी बघतो तर निम्मी मेलेली."

"का?"

"जागा होती. पाणी नव्हतं."

मला नाही कळलं. मग ते म्हणाले, "अगो, तो त्यातच खातो, त्यातच घाण करतो, त्यातलीच हवा घेतो. पाणी थोडं असलं की ते लगेच नासतं. मेलेला मासा पेटीत मावतो काय ते बघायचं असतं. जिवंताला पाणी किती मिळतंय ते बघायचं. आणि टाकीच्या मापाने वाढतो म्हणे! खुराड्यात कोंबडी वाढत नाय, ती खुराडं बघून थांबत्येय काय? मरगळत्येय."

खरं सांगू? एवढे व्हिडिओ बघून जे डोक्यात शिरलं नव्हतं ते तिथे रस्त्याच्या कडेला शिरलं.

संध्याकाळी पप्पा बोटीवरची एक बर्फाची पेटी घेऊन आले. तुम्ही बघितली असेल, जाड भिंतींची, प्लॅस्टिकची, निळी, झाकणवाली. शंभर लिटरची. आई दारातच उभी राहिली.

"एवढुश्या माशाला? त्यात तुमचा मेव्हणा झोपेल."

"बंदीत पडूनच हाय. वापरू दे तिला. पण नारळी पौर्णिमेला मला परत पाहिजे, तेव्हा बोट सुटते."

मला काय, मैत्रीण पण तेव्हाच येणार होती. बरोबर बसत होतं सगळं.

पेटी धुवायला दोन दिवस गेले, कारण तिला किती वर्षांचा वास! मी साबण घेतला तर पप्पांनी हातातून काढून घेतला, साबण प्लॅस्टिकला धरून राहतो म्हणाले. मग जाडं मीठ आणि नारळाचं सोडण, म्हणजे वरचं काथ्याचं साल, घेऊन घासली, आतून, कोपऱ्यात, झाकणाच्या खाचेत. मग पाणी भरून ठेवली, ओतली, परत भरली. आई नाक लावून वास घ्यायची आणि निकाल द्यायची, "अजून बांगडा हाय." दुसऱ्या दिवशी, "आता जरासा." मग शेवटी, "चालेल."

आणि सगळ्यात भारी म्हणजे, या पेटीला खाली बूच असतं! बर्फ वितळला की पाणी काढायला. पप्पांनी आतून बुचाच्या तोंडावर जाळ्याचा तुकडा बसवला, मासा ओढला जाऊ नये म्हणून. दोन-तीन दिवसांनी बूच थोडं उघडायचं, तळातलं घाण पाणी तेवढं बाहेर, वरून पिंपातलं शिळं पाणी तेवढंच आत. पाच मिनिटांचं काम. व्हिडिओतले लोक नळ्या तोंडाने ओढत बसतात!

पेटी पडवीत ठेवली, पंप सुरू केला, मासा सोडला. पहिल्या दिवशी तो कोपऱ्यातच होता. दुसऱ्या दिवशी मी बघते तर बुडबुड्यांच्या आरपार जातोय, परत येतोय, परत जातोय. खेळत होता. मला कोणी काही म्हणू दे, तो खेळत होता.

एक अडचण मात्र होती. पेटीला काच नाही, म्हणून मासा फक्त वरून दिसतो. केशरी पाठ आणि मागे शेपटीचा पंखा. मैत्रीण व्हिडिओ कॉल करायची आणि म्हणायची, "मला त्याचा चेहरा दाखव ना." आता चेहरा कसा दाखवू? "काय गं, डब्यात कोंबलंस त्याला," असं पण म्हणाली एकदा. मला इतका राग आला! कोंबलं? अगं तुझ्या बाउलचे पन्नास बाउल होतील यात! पण बोलले नाही, कारण मासा तिचा.

आणि घरात काय झालं माहितीये? आई बदलली. म्हणजे तोंडाने नाही हां. तोंडाने "मेलो खातो किती" हेच. पण बाजारातून आली की आधी पाटी खाली ठेवून पेटीकडे जायची. वाटाणा उकडून, साल काढून, चुरडून घालायची, हे तिला मी सांगितलेलं, पण नंतर मला हातच लावू देईना. तो तिची सावली ओळखायचा. मी वाकले तर निवांत, आई वाकली की वर! शेजारच्या काकूंना ती सांगताना मी ऐकलं, "दिवसभर मी मासे कापत्येय, आणि ह्यो एक माझ्याकडे बघून तोंड उघडतो. काय करू?"

असे दिवस गेले. मासा वाढला. आला तेव्हा माझ्या अंगठ्याएवढा, आता मधल्या बोटापेक्षा लांब आणि पोट तर विचारू नका. आणि जसजशी पौर्णिमा जवळ आली तसतशी मी दिवस मोजायला लागले. कारण मी एकदा तिला सहज विचारलं होतं, तिकडे याला कशात ठेवणार? तर ती उत्साहाने म्हणाली, "अगं मी नवीन बाउल घेतलाय! मोठा! पाच लिटरचा!"

मी शपथ घेतलेली जिवंत द्यायची. पुढे काय, ते शपथेत नव्हतं.

आज सकाळी ती आली. मिठी मारली, उड्या मारल्या, मग तिने पिशवीतून बाउल काढला. सुंदर होता, काठाला निळी लाट. पप्पा जाळं आवरत होते, त्यांनी मान वर केली.

"किती लिटरचा गो हा?"

"पाच, काका."

पप्पा परत जाळ्याकडे वळले. मीच फाटकन बोलले. "अगं हा खूप छोटा आहे. तो मरेल यात."

झालं. तिचा चेहरा उतरला. "म्हणजे? माझ्याकडे तो सात महिने होता, मेला नाही. तुझ्याकडेच मरत होता ना? तूच फोनवर सांगितलंस. बर्फ कोणी टाकलेला?"

आई ओट्यावरून, "मी टाकलेला बाय. तिला बोलू नको. मला बोल."

मला वाटलं संपली आमची मैत्री, एका माशावरून. मग पप्पाच म्हणाले, "मासा तिचा हाय. तिला घालून बघू दे की बाउलमध्ये."

मी त्यांच्याकडे बघितलं, तुम्ही पण? पण त्यांनी पेटीतलंच पाणी बाउलमध्ये भरलं, आईने चाळणीने अलगद मासा उचलला आणि आत सोडला.

आणि काय सांगू! दोन महिन्यांनी मी त्याला बाजूने बघितलं. काचेतून. त्याच्या खवल्यांवर सोनेरी कड आलेली, पोट पांढरं, आणि तोच चेहरा, काहीतरी विचारणारा. आम्ही दोघी एकदम ओरडलो. मैत्रीण तर टाळ्या वाजवायला लागली. आणि मला एक क्षण खरंच वाटलं, की जाऊ दे, असाच ठेवावा. इतका सुंदर दिसत होता.

मग तो वळायला गेला. नाक काचेला टेकलं. दुसरीकडे वळला, शेपटी काचेला घासली. पुढे गेला, परत नाक. शेपटीचा पंखा उघडलाच नाही, दुमडूनच राहिला. मैत्रीण खाली वाकून बघत होती. टाळ्या थांबल्या.

"ह्याला वळता पण येत नाहीये गं," ती म्हणाली. हळूच.

"हं."

"आधी यायचं."

"तेव्हा छोटा होता."

ती उठली, दोन्ही हातांनी बाउल उचलला, पेटीवर तिरपा धरला. मासा पाण्याबरोबर खाली घसरला आणि सट्कन त्या टोकाला. तिने नाक पुसलं. मग म्हणाली, "आमच्याकडे निळी पिंपं मिळतात, मोठी. बाबांच्या कंपनीतली. त्यात ठेवला तर?"

"केमिकलची?" पप्पा म्हणाले. "त्यापेक्षा तिखलं बरं."

आणि ती हसली! रडता रडता हसली, मग मी पण, मग आई. मग तिनेच सांगितलं, "राहू दे इथेच. पण तो माझा आहे हां. मी फक्त ठेवलाय."

मी म्हटलं, "तुझाच."

पण इथे संपलं नाही ना! कारण पप्पा डोकं खाजवत म्हणाले, "पेटी उद्या बोटीवर जाणार." बरोबर. पौर्णिमा. बर्फ भरायचा, माल येणार, पेटी हवीच. मी विसरलेच होते. म्हणजे मासा राहिला आणि टाकी चालली.

आई आत गेली. बाहेर आली ती बाजारातली तिची पेटी ओढत. तशीच, शंभरचीच, फक्त झाकणाची बिजागरी तुटलेली.

"ही घ्या."

पप्पा म्हणाले, "तू बाजारात कशात ठेवशील?"

"श्रावणात खातंय कोण? निम्मं गिऱ्हाईक तोंड फिरवून जातं. थर्माकोलची पेटी पुरे मला गणपतीपर्यंत. आणि ह्याला झाकण कशाला पाहिजे? ह्याचा काय बर्फ वितळतोय?"

मग आम्ही दोघींनी, मी आणि मैत्रिणीने, ती पेटी मिठाने घासली, नखं झिजेपर्यंत. आई मध्ये येऊन नाक लावायची. आज एका दिवसात वास गेला नाही तर, म्हणून आम्ही चार वेळा पाणी बदललं, आणि शेवटी निकाल आला, "चालेल." जुन्या पेटीतलं पाणी बादलीने नवीन पेटीत, त्याला वेगळं वाटू नये म्हणून, आणि मग मासा. कोपऱ्यात वगैरे काही गेला नाही. सरळ बुडबुड्यांत.

मैत्रीण संध्याकाळच्या गाडीने परत गेली, उद्या तिच्या बाबांना सुट्टी नाही म्हणून पौर्णिमा त्यांच्याकडेच. तिचा तो निळ्या लाटेचा बाउल रिकामा जाऊ नये म्हणून आईने त्यात सोडे भरून दिले, काठोकाठ, वर प्लॅस्टिक बांधून. "श्रावण संपला की आईला सांग रस्सा कर." आणि ती गाडीत तो बाउल मांडीवर घेऊन बसली, सुकलेल्या कोळंबीचा, आणि खिडकीतून ओरडली, "वाटाणा दे त्याला!"

आत्ता पप्पा बोटीवर पेटी चढवायला गेलेत. आई पडवीत बसलीये, मला आतून ऐकू येतंय, ती त्याला रागावतेय की एवढं खाऊ नये.

आता सांगा ना, तुमच्याकडे असं झालंय का? म्हणजे घरात ज्याने सगळ्यात आधी "कशाला आणलंस हे" म्हणून कटकट केली, शेवटी त्यानेच आपली वस्तू काढून दिली? आणि मासा पाळत असाल तर तुमचा केवढ्या पाण्यात आहे, आणि तो वळतो का नीट?